बंदूक गेली, नजर राहू द्या

दिवाळी सरली, कापसाची वेचणी घरात आली आणि गव्हासाठी रान तयार झाले, की देवगाव रंगारीच्या शिवारात पहाटे एक आवाज येऊ लागतो. घरची लक्ष्मी अंगणात सडा घालीत असते, गोठ्यात धार काढणे चालू असते, आणि डोक्यावरून अंधारात काहीतरी सर्रकन निघून जाते. लुगडे फाडावे तसा आवाज. वर पाहावे तो काही दिसत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो ऐकला असेल आणि वटवाघूळ असेल म्हणून सोडून दिला असेल. ते वटवाघूळ नव्हे. रात्रभर उथळ पाण्यात चरून मोठ्या पाण्याकडे परतणारी ती रानबदके असतात, आणि त्यातही बहुधा छोट्या जातीची.

वाचकहो, या छोट्या बदकांची शिकार पूर्वी कशी करीत, ते आज तुम्हाला सांगणार आहे. दचकू नका. शिकार करा असे मी सांगणार नाही. तो आता गुन्हा आहे आणि तो गुन्हा ठरला हे चांगलेच झाले. पण जुन्या शिकाऱ्याला पाण्याची जी पारख होती, ती बंदुकीबरोबर गावातून निघून चालली आहे. कोणत्या पाण्यात कोणते पाखरू बसते, का बसते आणि का उठून जाते, हे सांगणारा माणूस आता सापडत नाही. आणि ज्या गावाला हे कळत नाही, त्या गावाचे पाणथळही फार दिवस टिकत नाही.

आबांचा धडा

आमचे एक चुलते होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. ती पिकाच्या राखणीसाठी घेतलेली, पण हिवाळ्यात तिचा उपयोग बदकांवरच जास्त होई. १९७५-७६ च्या सुमाराला मी नऊ-दहा वर्षांचा होतो. पडलेले पाखरू पाण्यातून आणायला एक पोर लागे, ते काम माझ्याकडे असे.

पहिल्याच दिवशी मी तलावाच्या मधोमध बोट दाखवून म्हणालो, "आबा, ती बघा, तिथं किती बसलीत!"

आबा म्हणाले, "ती झोपायला बसलीत, पोरा. पाखरू झोपतं मधी आणि जेवतं काठाला. ज्याला काठ वाचता येतो त्यालाच पाखरू सापडतं."

काठ वाचता येणे! त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. आज कळतो. बहुतेक छोटी बदके बुडी मारून खोल जाणारी नसतात. ती पाण्यात डोके खाली आणि शेपटी वर करून, मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवर चरतात. म्हणजे वीत-दीड वीत पाणी, खाली मऊ गाळ, गाळात गवताचे बी, किडे आणि बारीक गोगलगाई. एवढे असले की त्यांचे ताट वाढलेले असते. शंभर एकरांचा तलाव असला तरी त्यांच्या कामाची असते ती काठाची एक पट्टी.

ही पाखरे कोणती?

आमच्याकडे सगळ्यांनाच सरसकट 'बदक' किंवा 'मुरगाबी' म्हणतात. पण छोट्यांत चार जाती ओळखून ठेवाव्यात.

पहिले चक्रांग. नराचे डोके तांबूस-तपकिरी, डोळ्यापासून मानेपर्यंत हिरवा पट्टा. मादी साधी, मातकट. अंगाने पारव्याहून थोडेसेच मोठे. वजन पाव किलोपासून साडेतीनशे ग्रॅमपर्यंत. उन्हाळ्यात ते युरोप आणि उत्तर आशियाच्या थंड प्रदेशात अंडी घालते आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येते.

दुसरे भुवई बदक. नराच्या डोळ्यावर खडूने ओढल्यासारखी पांढरी भुवई असते, म्हणून हे नाव. हेही परदेशी पाहुणेच. पाहुण्यांत सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी हे एक. पोळ्याच्या आसपासही त्यांचे थवे दिसू लागतात.

तिसरे काणूक. आपल्या बदकांत सर्वांत लहान. नर पांढराशुभ्र, पाठ काळपट हिरवी, गळ्यात काळी पट्टी. हे मात्र आपल्याच देशाचे. पावसाळ्यात पाण्याकाठच्या जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. पिले अंड्यातून निघाल्यावर लवकरच ढोलीतून खाली उडी टाकतात आणि आईमागे पाण्यात शिरतात.

चौथी अडई. रंगाने बदामी, मान लांब, आणि उडताना शीळ घालणारी. अंगाने या तिघांपेक्षा थोराड. हीदेखील इथलीच. झाडावर बसणारे बदक पाहून पुष्कळांना नवल वाटते. ती अडई असते.

यांच्याहून मोठी अशी थापट्या, तलवार, हळदी-कुंकू, नकटा ही बदकेही आपल्याकडे दिसतात. पण आज आपण छोट्यांपुरतेच बोलू.

पाणी तितके प्रकार

पाणथळ म्हणजे एकच प्रकार नव्हे. जमिनीत जसे काळी, मुरमाड, चोपण असे प्रकार, तसे पाण्याचेही. आणि प्रत्येक पाण्यावर शिकाऱ्याची चाल वेगळी असे.

पहिला प्रकार पाझर तलावाचा. आपल्या मराठवाड्यातील पुष्कळ पाझर तलावांचा जन्म १९७२ च्या दुष्काळाचा. माणसे खडी फोडीत होती, टोपल्या वाहत होती, सुकडी खाऊन दिवस काढीत होती. त्याच कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि गावोगाव मातीचे भराव झाले. ज्या आया-बायांनी डोक्यावर माती वाहिली, त्यांना कल्पनाही नसेल की हजारो कोसांवरच्या पाखरांसाठीही आपण मुक्काम बांधीत आहोत. तलावाचे भरावाकडचे पाणी खोल, तिथे दगडाचे पिचिंग. त्या बाजूला बदक क्वचितच. ओढा जिथून तलावात शिरतो ते शेपूट उथळ, गाळाचे, लव्हाळ्याचे. आबा थेट तिकडे जात. पहाटे उजाडण्याआधी बाभळीच्या आडोशाला बसायचे, विडी ओढायची नाही, खोकायचे नाही. छोटे बदक पाण्यावरून धावत उठत नाही; दचकले की उभे वर उसळते. त्या उसळीच्या क्षणीच बार काढायचा. तो क्षण चुकला की पाखरू गेले.

दुसरा प्रकार नदीच्या डोहाचा. शिवना नदी कन्नडकडून लासूरमार्गे गोदावरीकडे जाते. पूर्वी हिवाळाभर तिच्या डोहांना पाणी असे आणि काठाने लव्हाळे, पाणकणीस, बेशरमीची दाटी. इथे बसून राहणे उपयोगाचे नसे, प्रवाहाच्या उलट दिशेने हळूहळू चालत जावे लागे. प्रत्येक वळणावर थांबायचे, कान द्यायचा, मग डोकावायचे. अडई आणि काणूक अशा झाकलेल्या पाण्यात असत. पण इथेच शिकारीतले सर्वांत वाईट घडे: पाखरू जखमी होऊन झाडोऱ्यात शिरे.

त्यातले एक मला अजून आठवते. आबांचा बार झाला, चक्रांगाची एक मादी फडफडत पाणकणसात पडली. मी कमरेइतक्या पाण्यात शिरलो. अर्धा तास धुंडाळले, पाखरू सापडले नाही. हिरव्या पाण्यावर दोन पिसे तरंगत होती. आबा काठावरून "राहू दे, ये" म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हशी घेऊन गेलो तर ती मादी काठाच्या गवतात बसलेली. जिवंत होती. पंख लोंबत होता. मला पाहून तिने पळायचा प्रयत्न केला, पण जमेना. मी तिला घरी आणले, टोपलीखाली झाकले, ज्वारी टाकली. तिने एक दाणाही टिपला नाही. तिसऱ्या दिवशी ती मेली. आबा तेव्हा काही बोलले नाहीत. पण त्या हिवाळ्यात पुन्हा ते डोहावर गेले नाहीत. एका पाखरामागे किती पाखरे अशी झाडोऱ्यात जाऊन मरत असतील, याचा हिशेब कोणत्याच शिकाऱ्याने ठेवला नाही.

छर्ऱ्यांचाही हिशेब नव्हता. बंदुकीतून सुटलेले शिशाचे बहुतेक छर्रे पाखराला लागत नाहीत, गाळात पडतात. बदकाला दात नसतात. दाणा दळायला ते बारीक खडे गिळते. खडा समजून छर्रा गिळला की शिसे अंगात भिनते आणि पाखरू झुरून मरते. म्हणजे नेम चुकला तरी मरण चुकत नाही. याच कारणाने बाहेरच्या अनेक देशांत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी झाली आहे.

तिसरा प्रकार धरणाच्या फुगवट्याचा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागराचे पाणी जसे पसरले, तसे गंगापूर-पैठणकडचे कित्येक कोस रान उथळ पाण्याखाली गेले. कोणाची घरे गेली, कोणाची काळीभोर जमीन गेली; ते दुःख विसरण्यासारखे नाही. पण त्याच पाण्यावर पाखरांचे मोठे साम्राज्य वसले. १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. फुगवट्यावर काठ एका जागी राहत नाही. हिवाळाभर पाणी उतरते आणि काठ रोज मागे सरतो. जो चिखल आज उघडा पडला, त्यावर आज पाखरू. म्हणून शिकाऱ्याला आडोसा मिळत नसे. तो चिखलात खड्डा करून, अंगावर गवत घेऊन तिन्हीसांजेची वाट पाही, कारण दिवसभर मधल्या पाण्यावर झोपलेले थवे तेव्हा चरायला उठतात. आता अशाच उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. आपल्या कन्नड तालुक्यातील शिवना-टाकळी प्रकल्पासारख्या जलाशयांवरही पाणी उतरताना असा काठ पाहायला मिळतो.

चौथा प्रकार चिबडाचा. पाटाचे पाणी झिरपून खोलगट रान कायम ओले राहते, पीक पिवळे पडते, मीठ फुटते. त्याला आपण चिबड म्हणतो. वैजापूर-गंगापूरकडे नांदूर मधमेश्वरचा कालवा येतो, त्या बाजूच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. चिबड शेतकऱ्याचा शाप, पण पाखराला वरदान. इथे थवे नसतात, जोडी-जोडीने पाखरे असतात. इथली शिकार बंदुकीपेक्षा फाशांची आणि जाळ्यांची. रात्री पाखरे कोणत्या वाटेने उतरतात ते पाहून त्या वाटेवर जाळे धरायचे. हीच वाट पुढे विषाचे दाणे टाकणाऱ्यांनी धरली, आणि शिकारीचा धंदा सर्वांत नीच पातळीला गेला तो इथे.

आणि पाचवा प्रकार आताचा, आबांनी न पाहिलेला: प्लॅस्टिकचे शेततळे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली. पाण्याचा साठा झाला, अद्रकाला, कांद्याला, फळबागेला आधार झाला. ते चांगलेच झाले. पण पाखराच्या डोळ्यांनी पाहा. चारी बाजूंनी घसरडा उतार, तळाशी गाळ नाही, काठाला गवत नाही. पाणी आहे पण काठ नाही. आबा असते तर म्हणाले असते, "याला वाचायचं काय? ही तर कोरी पाटी आहे." वरून दमून आलेले पाखरू विसाव्याला उतरते खरे, पण त्याच्या पोटाला तिथे काही नसते.

कायदा काय म्हणतो?

घरातील तरुण मुलांना हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्या कायद्यात सुरुवातीला छोट्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ साली कायदा दुरुस्त झाला आणि शिकारीचे हे परवाने बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढला. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आज रानबदक मारल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाखरू वरच्या अनुसूचीतले किंवा जागा अभयारण्याची असेल तर शिक्षा याहून कडक. बंदूक आणि वाहन जप्त होते ते निराळेच.

शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासा लावणे, जाळे टाकणे, विष घालणे, हाकून पकडणे हे सगळे कायद्याने शिकारच. रानपाखराची अंडी काढणे, घरटे मोडणे हेही त्यातच येते. "मी नाही मारले, मी फक्त विकत घेतले" ही सबब चालत नाही.

आता तुम्हीच हिशेब करा. साफ केल्यावर चक्रांगाचे मांस हाताच्या ओंजळीत मावेल एवढे. घरची कोंबडी त्याच्या चौपट-पाचपट भरते. त्या ओंजळभर मांसासाठी पोराच्या नावावर गुन्हा, कोर्टाच्या खेपा, आणि नोकरीच्या वेळी पोलीस तपासणीत लागलेला डाग!

विषाने मारलेल्या पाखराची गोष्ट तर आणखी भयंकर. दाण्याला कीटकनाशक चोळून ते काठाला टाकतात. पाखराच्या अंगात गेलेले विष चुलीवर शिजवून जात नाही. कोणी स्वस्तात 'मुरगाबी' विकायला आणली, तर ती तुमच्या मुलांच्या ताटात काय घेऊन आली आहे हे तुम्हाला कळणार नाही.

पाण्याकाठी एकाएकी पाखरे मेलेली दिसली, तर त्यांना हात लावू नका, कुत्र्यालाही लावू देऊ नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या आणि पाळणाऱ्यांचे कंबरडे मोडले. हा रोग रानपाखरांतही असतो. म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, आणि घरच्या कोंबड्या-बदकांना तलावावर मोकळे सोडू नका. शिकारीचा प्रकार दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्वतः भांडायला जाऊ नका.

भरतपूरचे दोन धडे

राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव नावाचे मोठे पाणथळ आहे. भरतपूरच्या राजांनी ते बांध घालून, पाणी सोडून, बदकांच्या शिकारीसाठीच राखले होते. कोणत्या दिवशी कोणत्या पाहुण्याने किती पाखरे मारली ते तिथे दगडावर कोरून ठेवले आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. आज त्याच दगडापुढे उभे राहून माणसे मान खाली घालतात. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचा माग काढण्याचे मोठे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. या कामाचे धुरीण डॉ. सालिम अली. तेही लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणारे पोर होते! गळ्यावर पिवळा डाग असलेली एक वेगळी चिमणी मारली आणि ती कोणती हे विचारायला ते या सोसायटीत गेले. तिथून त्यांचे आयुष्य पालटले. पुढे १९३१-३२ च्या सुमाराला त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. शिकाऱ्याच्या नजरेचे जाणत्याच्या नजरेत रूपांतर होऊ शकते, हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या म्हशींचा आहे. उद्यान झाले तेव्हा भरतपूरला म्हशींची चराई एकदम बंद केली. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे गेली. आणि झाले काय? म्हशी गेल्यावर गवत माजले, उघडे पाणी गवताने भरून आले आणि पाखरांनाच जागा उरेना. सोसायटीच्या अभ्यासकांनी पुढे सांगितले, की म्हशींची चराई त्या पाणथळाला उपयोगाची होती. तेव्हा शेतकऱ्याला वगळून पाखरू वाचेल असे कोणी म्हणाले तर त्याला भरतपूरचे उदाहरण सांगा. आणि पाखराला वगळून शेतकरी सुखी होईल असे कोणी म्हणाले तर त्याला आपला कोरडा पडलेला डोह दाखवा. ज्या पाण्याला गाळाचा काठ आणि गवताची किनार असते, त्यात आलेला गाळ अडतो, पाणी मुरायला वेळ मिळतो, विहिरीला त्याचा पाझर लागतो. पाखरू म्हणजे त्या पाण्याच्या तब्येतीची नाडी.

आपल्या हातात काय आहे?

मोठे काही नको. गावाने आणि घराने मिळून एवढे करावे:

तलावातला गाळ काढताना एक बाजू सोडा. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत गाळ शेतावर जातो. तो जरूर न्या, काळे सोनेच ते. पण यंत्रवाल्याला सांगा की ओढा शिरतो त्या शेपटाकडे उभे कडे पाडू नको, उतरता काठ ठेव. उभ्या कड्यावरून वासरू घसरते, पोर बुडते आणि पाखरू बसत नाही.

पाण्याकाठचे जुने झाड तोडू नका. ढोली असलेला आंबा, बाभूळ, कडुनिंब सरपणाच्या नजरेने पोकळ दिसतो. काणूक आणि अडईच्या नजरेने ते बाळंतिणीची खोली असते.

गाळपेर करताना पाण्याला अगदी चिकटून औषध फवारू नका. फवाऱ्याची टाकी आणि डबे तलावात धुऊ नका. त्याच पाण्यावर तुमची जनावरे येतात.

मासेमारीची फाटकी नायलॉनची जाळी पाण्यात टाकून देऊ नका. त्यात पाखरे अडकून बुडतात. मच्छीमार बंधूंना हे समजावून सांगा. त्यांचे पोटही त्याच पाण्यावर आहे.

जलपर्णी एकदा दिसली की लगेच काढा. चार झुबके असतात तेव्हा दोन माणसांचे काम, तलाव झाकला की सगळ्या गावाचे.

प्लॅस्टिकच्या शेततळ्यात एका कोपऱ्यातून गाठी मारलेला दोर किंवा पोत्यांची शिडी सोडून ठेवा. पडलेले पोर, शेळी, खार, कोणीही तिला धरून वर येईल.

आणि मुलांना काठ वाचायला शिकवा. सुटीच्या दिवशी पहाटे घेऊन जा, गोधडी पांघरून बाभळीआड बसवा. आबा मला जे सांगत, तेच सांगा: बोलू नको, हलू नको, आधी कान दे. मग वहीत लिहायला लावा, आज कोणते पाखरू आले, किती आले, पाणी कोठपर्यंत होते. एखाद्या पाखराच्या पायात धातूचे कडे दिसले तर त्यावरचे आकडे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला मुंबईला कळवा. दहा वर्षे अशी वही ठेवली, तर गावाच्या पाण्याचा इतिहास त्या पोराच्या हस्ताक्षरात तयार होईल. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचे पाणथळ महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले आणि २०२० साली त्याची घोषणा झाली. जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीला रामसर यादी म्हणतात. हा बहुमान मिळाला तो केवळ पाण्याला नव्हे. वर्षानुवर्षे तिथली पाखरे मोजणाऱ्या माणसांच्या वह्याही त्यामागे आहेत.

आबांनी म्हातारपणी बंदूक जमा करून टाकली. पण हिवाळ्यात पहाटे ते अंगणात खाटेवर उठून बसत आणि आभाळाकडे कान लावीत. सर्रकन आवाज गेला की घरात झोपलेल्या आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "आली गं बाई. यंदाबी आली."

यंदाही दिवाळीनंतर तुमच्या अंगणावरून ती जातील. सडा घालता घालता क्षणभर हात थांबवा आणि कान द्या. आवाज आला, तर समजा की आसपास कोठेतरी अजून एक जिवंत काठ उरला आहे. आणि नाही आला, तर त्याच दिवशी पोराला घेऊन तलावाचा काठ पाहून या.